कच्च्या चहाची चकती

माझ्या बायकोची चव गेली आहे हे मला कळायला तीन आठवडे लागले.

साथीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन चैत्रात आम्हा दोघांनाही ताप आला होता. माझा पाच दिवसांत उतरला, तिचा अकरा दिवस रेंगाळला. दवाखान्यात न्यावं लागलं नाही हेच नशीब. ती उठली, हिंडूफिरू लागली, स्वयंपाकघरात गेली. मग आमटीत कधी मीठच नसायचं, कधी दोनदा पडलेलं असायचं. थकवा असेल म्हणून मी बोललो नाही. एके सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आणि ती शेगडीपासून दोन हातांवर कोथिंबीर निवडत बसलेली. मी धावत जाऊन गॅस बंद केला. तिनं काळ्या पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला काहीच येत नाहीये," ती म्हणाली. "वास नाही, चव नाही. तुम्हाला सांगणार होते."

जिन्यातून वर येता येता शेजारच्या फोडणीतला हिंग जुना झालाय हे सांगणारी ही बाई. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, धीर धरा. ती धीर धरून होती. चमच्यानं मोजून मीठ घालायची, मी चाखायचो, ती विचारायची आणि मी मान हलवायचो. स्वतः मात्र जेमतेम अर्धी भाकरी खायची. "चघळायचं आणि गिळायचं. किती वेळ तेच करायचं माणसानं?" एकदाच असं बोलली, नंतर तेही नाही.

कर्जतला आमची इमारत तीन मजल्यांची. आमच्या डोक्यावर चाचा राहायचे. मूळचे श्रीवर्धनकडचे. आयुष्यभर जहाजावर भंडारी, म्हणजे खलाशांसाठी रांधणारे. नोकरी संपल्यावर हवा मानवते म्हणून बायकोबरोबर कर्जतला आले, आणि दोन वर्षांत बायको वारली. आमची ओळख होती ती जिन्यापुरती, पाण्याच्या टाकीपुरती. मुलं त्यांना चाचा म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायचो, एवढंच.

दिवाळी होऊन गेली होती. आम्ही फराळाचं ताट वर पाठवलं. ताट परत द्यायला ते स्वतः खाली आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, चकलीत मीठ नाय."

चकली अळणी झालीय हे मलाही कळलं होतं, तरी मला राग आला. असं कोणी तोंडावर बोलतं का? पण ती शांतपणे म्हणाली, "मला कळत नाही चाचा. चव गेलीय माझी. सात महिने झाले."

आयुष्यभर लोकांना खाऊ घातलेला माणूस तो. ते म्हणाले, "उद्या चारला दोघं वर या. पोटात काहीतरी घालून या. रिकाम्या पोटी यायचं नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि खिडकीशी एक बुटकं लाकडी टेबल. टेबलावर पातळ कागदात गुंडाळलेली भाकरीएवढी गोल चकती होती. कागद उलगडला तर आत दाबून बसवलेली पानं, हिरवट-करडी, मध्येच एखादा पांढरा कोंभ.

"हा चहा," चाचा म्हणाले. "चीनमधल्या डोंगरातला. युनान म्हणतात तिकडे. प्युएर याचं नाव. पानं कढईत जरा गरम करतात, उन्हात वाळवतात, वाफेवर मऊ करून दाबतात. ही कच्ची चकती, गेल्या वर्षीचीच. पुतण्या जहाजावर आहे, तो आणतो."

लोक ही चकती पंधरा-वीस वर्षं ठेवून मुरवतात, मग पितात, असंही त्यांनी सांगितलं. त्यांना स्वतःला मात्र ती कोवळी असतानाच आवडायची.

त्यांनी एका जाड दाभणानं चकतीच्या कडेचा तुकडा हळूच उचकटला. पानं तुटू द्यायची नाहीत, सोडवायची. तो तुकडा झाकणाच्या पांढऱ्या वाटीत टाकला, वरून उकळतं पाणी ओतलं आणि लगेच ते पाणी फेकून दिलं. मग झाकण उचलून त्याची आतली बाजू नाकाशी धरली, आणि माझ्याकडे दिली. ओल्या गवताचा, कसल्याशा फुलांचा आणि अगदी पुसट धुराचा वास. मी ते झाकण तिच्याकडे दिलं. तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि मान हलवली. नाही.

"असू दे," चाचा म्हणाले.

त्यांनी पुन्हा पाणी ओतलं आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग तीन चिमुकल्या पेल्यांत चहा ओतला. रंग पिवळा, पातळ मधासारखा. मी एक घोट घेतला आणि माझी जीभ आक्रसली. कारलं परवडलं. चाचा त्यांचा पेला पीत होते.

तिनं घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"कडू आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तिनं दुसरा घोट घेतला. "अहो, कडू आहे! खरंच कडू आहे." आणि पेला रिकामा करून थोड्या वेळानं गळ्याला हात लावून म्हणाली, "आता इथे काहीतरी होतंय. गोड का लागतंय?"

"तोच तर चहा," चाचा म्हणाले. "कडू पुढच्या दारानं जातं, गोड मागच्या दारानं येतं. आज मी मुद्दाम कडक केला. एवढा कडू कोण पितंय! पण म्हटलं, वहिनींच्या जिभेचं दार जोरात वाजवून बघू."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण माझंही तेच झालं होतं.

त्या दिवसापासून चारला वर जायचा नेम झाला. मी कुंभिवलीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्यामुळे तिसऱ्याच दिवशी मी थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन गेलो. कोवळ्या कच्च्या चहाला खळखळतं पाणी दिलं की तो चिडतो, जरा निवलेलं दिलं की नरम येतो; हे किती अंशांवर होतं ते मला वहीत मांडायचं होतं. चाचा माझी गंमत बघायचे. तिनं मात्र काही मांडलं नाही. ती किटलीजवळ कान देऊन बसायची. "आता बोलायचं थांबलंय," असं म्हणून किटली उचलायची आणि ओतायची. मी घाईघाईनं थर्मामीटर घालून बघायचो. दरवेळी पारा माझ्या वहीतल्या आकड्याच्या आसपासच असायचा. महिनाभरात चाचांनी झाकणाची वाटी तिच्यापुढे सरकवली. "आता तुमी करा. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाय."

एकाच पानांवर दहा-बारा वेळा पाणी घालता येतं. पहिलं पाणी फुलांचं, तिसरं सगळ्यात कडू, सहाव्यापासून गोडी वर येते, शेवटी शेवटी नुसतं गोडसर पाणी. तिला फुलं कळत नव्हती. पण कडू कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, जिभेच्या कडेला की मधोमध, घशात किती वेळ थांबतं, हे तिला माझ्यापेक्षा बारकाईनं कळायला लागलं. दरवेळी ती आधी झाकण हुंगायची. मान हलवायची. मग ओतायची. घरी आल्यावर एक पोळी जास्त खायची, हे मी मनातल्या मनात मोजत होतो.

चाचांची एकच तक्रार होती: पाणी. "नळाला पावडरीचा वास येतो. चहा मरतो त्यात." स्टेशनाबाहेर रानभाज्या घेऊन बसणारी एक ठाकर बाई होती, कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली. माझी बायको नेहमी तिच्याकडूनच घ्यायची. तिला विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं झरा हाय की. या माझ्यासंगं."

पौषातल्या एका सकाळी तिच्याबरोबर आम्ही तिघं रिक्षानं कोंडाण्याला गेलो. तिथून वाडीपर्यंत चालत. चाचांचे गुडघे दुखत होते, दर दहा पावलांवर ते थांबायचे आणि आपण झाडं बघायला थांबलोय असं दाखवायचे. झरा म्हणजे कातळाच्या फटीतून बोटभर धार. बाईनं तीन दगड मांडून चूल केली, डबा ठेवला. बायकोनं पिशवीतून झाकणाची वाटी काढली, पानं टाकली आणि चार पेले भरले.

बाईनं पेला हातात घेऊन फिरवून बघितला. "एवढुसाच?" असं म्हणून ती एका दमात प्यायली. तोंड वाकडं केलं. "आगं ताय, हे तर काढा हाय गं!"

आम्ही हसलो. ती लाकडं सारत राहिली. मग एकाएकी थांबली आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"पन मागनं गोड लागतंय. आवळा खाऊन पानी प्यावं ना, तसं."

"आवळा!" माझी बायको जवळजवळ ओरडलीच. "अगदी बरोबर. इतके दिवस शोधतेय मी, कशासारखं कशासारखं म्हणून."

बाईनं उठून वाडीतून मूठभर आवळे आणले. आम्ही चौघं कातळावर बसून आवळे खात होतो आणि वर झऱ्याचं पाणी पीत होतो. चाचा म्हणाले, साता समुद्रांपलीकडून चकती आणली आणि गोष्ट तर इथेच टोपलीत होती. दोन कॅन पाणी भरून आम्ही परतलो. ती बाई पुढे बाजाराला येताना कधीमधी एखादी बाटली भरून आणायची. बायको तिला चहा पाजायला बघायची, पण ती म्हणायची, "तुजा काढा तूच पी. मला साखरेचा कर."

उन्हाळ्यात, रोज्यांच्या महिन्यात, चाचा मुलीकडे श्रीवर्धनला गेले. ईद करून पुढेही राहिले. ते नसताना पुतण्याचं पार्सल आलं, त्या वसंतातली नवी चकती. चाचा फोनवर म्हणाले, "तुमच्याकडेच ठेवा वहिनी. कोरड्या जागी. आणि वासापासून लांब. हा चहा शेजाऱ्याचा वास पटकन घेतो."

तिनं मोठ्या जबाबदारीनं ती चकती ठेवली. घरात सगळ्यात कोरडी जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं वरचं कपाट. पावसाळ्याची बेगमी म्हणून तिनं त्याच आठवड्यात सुकट आणि बोंबील भरून ठेवले होते. त्याच कपाटात. डबे बंद होते, पण कपाट उघडलं की काय यायचं ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. आणि चकती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं.

चाचा जूनमध्ये परतले. चारला आम्ही वर गेलो. तिनं नवा कागद उलगडला, पहिलं पाणी टाकून दिलं, झाकण हुंगलं, मान हलवली आणि चाचांकडे दिलं. चाचांनी ते नाकाशी नेलं आणि त्यांची भुवई किंचित वर गेली. त्यांनी झाकण माझ्याकडे दिलं.

बोंबील. दुसरं काही नाहीच. भरदुपारचं बंदर.

तिनं तीन पेले ओतले. "कसा आहे?" उत्सुकतेनं विचारलं. मुलाचा निकाल विचारावा तसं.

मी चाचांकडे बघितलं. चाचांनी एक घोट घेतला, नीट गिळला.

"छान," ते म्हणाले. "यंदाचं पान वेगळं आहे जरा."

"तुम्हाला?" तिनं मला विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो.

खाली उतरताना मी काहीतरी विसरल्याचं सांगून परत वर गेलो. चाचा रिकामे पेले विसळत होते. "साहेब, वहिनींना सांगायचं नाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता कुठे त्यांचा हात परत आलाय. आपल्या नाकामुळे एक चकती वाया गेली असं त्यांना वाटलं तर त्या परत किटलीला हात लावणार नायत."

त्या दिवसापासून चकती चाचांकडेच राहिली, पण वास बसायचा तो बसला होता. आणि ती चकती संपवल्याशिवाय दुसरी काढली असती तर तिनं विचारलं असतं. जून, जुलै, ऑगस्ट. बाहेर धो धो पाऊस, खिडकीतून डोंगरसुद्धा दिसत नव्हता, आणि आम्ही दोन म्हातारे रोज चार वाजता बोंबलाचा चहा पीत होतो. दहा-दहा पेले. चाचा तर वर्णनही करायचे. "आज तिसऱ्या पाण्याला मधाची झाक आहे वहिनी." मी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावायचो. विचित्र वाटेल, पण त्या पावसाळ्याइतका आनंद मला नोकरी सुटल्यापासून कधी झाला नव्हता.

गणपती होऊन चार-पाच दिवस झाले असतील. तिनं नेहमीसारखं झाकण उचललं, नाकाशी धरलं. मान हलवली नाही. झाकण खाली घेतलं, परत वर नेलं.

"तळमजल्यावर कोणी बोंबील भाजतंय का?" तिनं विचारलं.

चाचांनी पेला टेबलावर ठेवला. मी बसल्या जागी ताठ झालो.

"का गं?" माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"वास येतोय." ती उठून खिडकीशी गेली, बाहेर वाकली, परत आली. झाकण पुन्हा नाकाशी. "बाहेर नाहीये. यात आहे. या झाकणात..." आणि मग तिचं तिलाच उमगलं, ती काय बोलतेय ते. "अहो. मला वास आला."

चाचांनी दोन्ही तळवे तोंडावर फिरवले आणि पुटपुटत अल्लाचे आभार मानले. मग त्यांना हसू फुटलं. ते हसू काही केल्या थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांचं बघून मीही सुटलो.

ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिची नजर चकतीवर गेली. तिनं ती उचलून हुंगली.

"वरच्या कपाटात ठेवली होती मी," ती हळूच म्हणाली. "सुकटीपाशी." आणि मग, "म्हणजे जूनपासून? तुम्ही दोघं रोज हे पीत होतात?"

"वहिनी, जहाजावर याहून वाईट प्यायलोय," चाचा डोळे पुसत म्हणाले.

"मधाची झाक म्हणे!" ती चाचांवर कडाडली. तिनं माझ्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली. इतके महिने चव गेली म्हणून ती कधी माझ्यासमोर रडली नव्हती. आता रडत होती ती आम्ही तीन महिने निमूट प्यायलो म्हणून. चाचांनी किटलीतलं पाणी एका पेल्यात ओतून तिच्यापुढे ठेवलं. नुसतं कोमट पाणी. ती ते प्यायली.

वास एकदम सगळा परत आला नाही. काही दिवस कांद्याला रॉकेलचा वास यायचा, मोगऱ्याला काहीच नाही. मग एकेक येत गेलं. लसूण आधी, कढीपत्ता बराच नंतर. साबणाचा अजूनही येत नाही. फोडणी तिनं पुन्हा अंदाजानं घालायला सुरुवात केली तो दिवस मला आठवतो, मी चाखायला चमचा पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. मी बघते."

यंदा माघात चाचांची मुलगी त्यांना न्यायला आली. गुडघे पार गेले होते, जिना होत नव्हता. सामान बांधून झालं तेव्हा चाचा खाली रिक्षावाल्याशी बोलत होते, आणि मुलगी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"काकी, एक सांगू?" ती म्हणाली. "अम्मी गेल्यावर अब्बा फोनवर फक्त हो-नाही बोलायचे. दोन वर्षं. मग एका दिवाळीनंतर एकदम बोलायलाच लागले. आज वहिनींनी असा केला, आज वहिनींना असा लागला. आम्हाला वाटलं, कोण या वहिनी!"

माझ्या बायकोनं गॅसवर पाणी ठेवलं, झाकणाची वाटी काढली.

"ये," ती म्हणाली. "तुला करता आला पाहिजे. तिकडे त्यांना कोण देणार?"

मुलीनं वाटीची कड धरली आणि चटका बसून बोट तोंडात घातलं. बायकोनं तिचा हात धरला आणि तीन बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं: दोन कडेला, एक झाकणाच्या मधोमध, फट ठेवायची ती केसाएवढी. पाणी बोलायचं थांबल्यावर उचलायचं. पहिलं फेकायचं. मुलीनं तीनदा सांडलं, चौथ्यांदा जमलं. तो चौथा पेला त्या दोघी अर्धा अर्धा प्यायल्या, आणि खालून चाचांनी हाक मारली तशी मुलगी ओल्या हातानंच जिना उतरली.